पायऱ्या बाकी

डॉक्टर खासबागे कुणालाही पहिल्या भेटीत नाव विचारत नसत. ते विचारत, "पाणी कोणत्या विहिरीचं पिता?"

आता आमच्या वऱ्हाडात या प्रश्नाचा अर्थ काय होतो, ते सांगायला नको. पाटलांची विहीर वेगळी, माळ्यांची वेगळी, महारवाड्याची गावाबाहेर, तीही असली तर. विहीर सांगितली की माणसाची जात सांगून झाली. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो आणि पत्रकं छापून गावोगाव भिंतींना चिकटवणं एवढाच माझा धंदा होता. मानेवर गळू झालं म्हणून वाशीमच्या दवाखान्यात गेलो, तर खुर्चीतल्या त्या उंच, वाकलेल्या माणसाने चष्म्यावरून बघत हाच प्रश्न टाकला. माझं डोकं गळवापेक्षा जास्त ठणकलं.

"मी कोणत्याच जातीचा नाही!" मी ओरडलो.

"असं होय," ते म्हणाले. "पण पाणी?"

मी गळू तसंच घेऊन बाहेर पडलो. चार दिवसांत पत्रक तयार. मथळा होता, 'तालुक्याचा डॉक्टरच रोगी!' पहिली प्रत दवाखान्याच्याच भिंतीला लावली आणि समोर पिंपळाखाली छाती काढून उभा राहिलो. डॉक्टर आले. पत्रक वरपासून खालपर्यंत वाचलं. मग भिंतीला नाक लावून वास घेतला, कोपऱ्यातून ओघळलेली खळ बोटाने चाचपली, आणि माझ्याकडे वळून अगदी आस्थेने म्हणाले, "खळ गढूळ पाण्यात कालवलीत हो. कोणत्या विहिरीचं?"

तेव्हा मला कळलं की या माणसाला खरोखर पाणीच विचारायचं असतं. जात त्यांच्या लक्षात राहत नसे, नावही राहत नसे. 'चिंचेच्या विहिरीची म्हातारी', 'दोन झऱ्यांचा मास्तर' अशी त्यांच्या डोक्यात माणसं भरलेली होती. मी 'पत्रक' होतो. "काय पत्रक, जेवलात का?" असं म्हणत. गळू त्यांनीच कापलं. पहिलं पत्रक मी काही मागे घेतलं नाही. मागे घेण्याची पत्रकं आमच्या सुधारक तरुणांच्या मंडळात छापत नसत. पण मी त्यांच्या मागे हिंडू लागलो.

खासबागे वाशीमच्या शिवेवरचे, भाजीपाला पिकवणाऱ्या घरातले. बाप मोट हाकायचा, आई वाफ्यांची दारं धरायची. नागपूरहून डॉक्टरी शिकून आले तेव्हा अकोल्याचे दोन व्यापारी त्यांना दवाखाना थाटून द्यायला तयार होते. यांनी आरोग्यखात्याची नोकरी धरली, जिच्यात खुर्ची कमी आणि पायपीट जास्त. प्लेगात लोक गाव सोडून शेतात झोपड्या घालून राहत, आणि टोचणारा डॉक्टर दिसला की तिथूनही पळून तुरीत लपत. खासबागे तुरीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसायचे, स्वतःच्याच दंडात सुई घालायचे आणि शांतपणे आकाशाकडे बघत राहायचे. तासाभराने एकेक डोकं तुरीतून वर यायचं, डॉक्टर मेला का ते पाहायला. पटकीच्या साथीत जत्रेच्या विहिरीत जांभळी दवा टाकली, तर विहिरीला रक्त फुटलं म्हणून माणसं दगड घेऊन धावली. यांनी सगळ्यांदेखत तेच पाणी लोटाभर प्यायलं आणि जांभळ्या दातांनी हसले. एवढा भयंकर देखावा पाहिल्यावर दगड मारायची कुणाची छाती होणार?

पण त्यांचं खरं नाव झालं ते नारूमुळे. ज्यांनी नारू पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. हा पायातून निघणारा दोऱ्यासारखा लांब किडा. आमच्याकडे पायविहिरी फार. बाया पायऱ्या उतरून थेट पाण्यात उभ्या राहतात आणि घागर भरतात. ज्याच्या पायात नारू, त्याचा पाय पाण्यात, ते पाणी दुसऱ्याच्या पोटात, आणि वर्षभराने त्याच्या पायातून पुन्हा नारू बाहेर. खासबाग्यांनी विडा उचलला की तालुक्यातल्या सगळ्या पायविहिरींच्या पायऱ्या बुजवायच्या, तोंडाला कठडा बांधायचा, वर रहाट बसवायचा. आणि तोवर प्रत्येकाने पाणी चौघडी फडक्यातून गाळून प्यायचं. बाहेरच्या प्रांतांतले मोठे डॉक्टर त्यांच्या विहिरी पाहायला येत. नागपूरच्या सभेत त्यांना भाषणाला बोलावलं, तर हे गृहस्थ पेलाभर पाणी उजेडासमोर धरून उभे राहिले आणि स्वतःच त्यात हरवून गेले. अध्यक्षांनी घंटा वाजवली तेव्हा म्हणाले, "आता कुठे ते तळाशी बसायला लागलं होतं." तरी त्यांना नागपूरला वरची जागा देऊ केली. त्यांनी नाकारली. त्यावर मी पत्रक काढलं, 'वऱ्हाडची त्यागमूर्ती.'

ते पत्रकही चूक होतं. पण ते पुढे.

त्यांची फिरती छकड्यातून चाले. गाडीवान किसन कासरा सैल सोडून डुलक्या घेई, कारण बैलांना सगळ्या विहिरी पाठ होत्या. कपाशीच्या शेतांमधून ती पांढरी वाट संपायचीच नाही. डॉक्टर मागे टेकून, डोळे अर्धे मिटून, वाक्य अर्ध्यावर सोडत. "पत्रक, पाण्याचं असं आहे की..." आणि मग मैलभर काही नाही. मग एखादं तळं चमकायचं, बगळे उडायचे, आणि मला वाटायचं की उरलेलं वाक्य तेच होतं. मला, ज्याला अर्ध्या पानात जग पालथं घालायचं होतं! मी चिडायचो आणि पेंगायचो.

विहिरीवर पोचले की ते पाणी गाळून घोटभर तोंडात घेत आणि डोळे मिटत. इतका वेळ, की नवख्या गावात एखादी म्हातारी घाबरून त्यांना हलवून बघे. मग डोळे उघडून म्हणत, "झरा उत्तरेचा आहे. औंदा उपसली नाही. आणि जवळ कुठेतरी मोहाचं झाड आहे." असायचं. गावकरी मागे लागत, डाक्तर, लवकर उरकून टाका. तर म्हणत, "ओढू नका." हे त्यांचं पालुपद. नारू काडीला गुंडाळून रोज बोटभर बाहेर काढायचा असतो. घाई करून ओढला की आतच तुटतो आणि पाय सडतो. त्यामुळे ताप, पाऊस, सरकार, मी, कुणालाच ओढायचं नाही.

अशा रीतीने त्यांनी अनसिंगपासून धनजपर्यंत एकेक विहीर बुजवत आणली. राहिली एकच. रिसोडच्या वाटेवरच्या हिवरखेडीची.

हिवरखेडीला मी प्रथम गेलो तो उन्हाळ्याचा दिवस होता. खोल, थंड, हिरवट विहीर. आत उतरावं तसा बाहेरचा उन्हाळा वरच राहायचा. भिंतींवर पाण्याचे कवडसे हलत होते. तळच्या पायरीवर, घोट्याएवढ्या पाण्यात, पंचेचाळिशीची एक बाई कमरेवर हात ठेवून उभी होती. तिला गाव गोदामाय म्हणे. बायांचा कारभार तिच्या हाती होता.

डॉक्टर तिच्यापासून चार हातांवर थांबले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. दोघंही माझ्याकडे पाहत होती.

"यांना सांगा," डॉक्टर मला म्हणाले, "पायऱ्या बुजवायला हव्यात."

"सांगा त्यायले," गोदामाय मला म्हणाली, "पायऱ्या बुजवल्या तं बायाईनं घडीभर बसाचं कुठी?"

"सांगा, वर कडुनिंबाखाली ओटा बांधून देतो."

"ओट्यावर ऊन येते म्हना."

"म्हणावं, छप्पर घालतो."

"छप्पर वाऱ्यानं उडते."

"बरं तर," डॉक्टर म्हणाले. "पुढच्या महिन्यात बघू."

मी थक्क झालो. चार हातांवर उभी असलेली दोन धडधाकट माणसं, आणि मधे मी टपालासारखा! जाता जाता ती म्हणाली, "इचारा त्यायले, खोकला गेला काय?" मला तो टोमणा वाटला. डॉक्टरांनी खिशातून नवं कोरं फडकं काढून पायरीवर ठेवलं आणि वर निघाले. मला तहान लागली होती. गोदामाय म्हणाली, "गाळून पे बाप्पा. फडकं आहे." या असल्या बाईकडून उपदेश! मी तिच्यासमोर ओंजळीने सरळ विहिरीतलं पाणी प्यायलो, निषेध म्हणून. "पे," ती म्हणाली. "तुयाच पायातून निंगन."

परतताना डॉक्टर जात्यावरची ओवी गुणगुणत होते. पराभूत माणूस गातो कसा, हे मला समजेना. मी छकड्यातच पत्रक लिहिलं, 'हिवरखेडीची अज्ञानदेवता.' वाचून दाखवलं. डॉक्टरांनी पहिल्यांदाच माझा हात धरला.

"हे नका लावू."

"का?"

 "खळ वाया जाईल," म्हणाले.

पुढच्या उन्हाळ्यात माझ्या घोट्यावर फोड आला, फुटला, आणि त्यातून पांढरं टोक डोकावलं. मी, मी, पत्रकं काढणारा, नारूने आडवा! दवाखान्याच्या खाटेवर मी किती दिवस होतो ते विचारू नका. डॉक्टर रोज सकाळी येत, माझ्या पायाशी बसत, काडीला एक वेढा देत. "ओढू नका," म्हणत, मी काही केलं नसलं तरी. खिडकीतून ऊन भिंतीवर चढायचं, उतरायचं. आयुष्यात प्रथमच मी एका जागी पडून दिवस कसा जातो ते पाहिलं.

माझ्या शेजारच्या खाटेवर सखूबाई होती. ती मागच्या साली हिवरखेडीला कापूस वेचायला गेली होती, आणि तिच्या दोन्ही पायांत नारू होता. "डाक्तर, ओढा हो एकदाचा," ती रोज म्हणायची. "मले कामावर जा लागते. पोरं बहिनीकडं टाकून आली मी." तिला पत्रक लिहिता येत नव्हतं. ती फक्त छताकडे बघायची.

वेळ जाईना म्हणून मी डॉक्टरांचं विहिरींचं पुस्तक मागून घेतलं. त्यात एकेका विहिरीची कुंडली होती. 'अनसिंग, बाजाराची विहीर. स्वभाव शांत. पायऱ्या बुजवल्यावर रुसली होती, आता पूर्ववत.' असं. मी हसत पानं उलटत हिवरखेडीला आलो. इतर विहिरींना पान, अर्धं पान. हिवरखेडीला पानांमागून पानं. वर्षानुवर्षं, दर महिन्याला. 'पाणी पाहिले. पायऱ्या बाकी.' 'पाणी पाहिले. पायऱ्या बाकी.' मधेच, 'खोकल्याची चौकशी झाली. पायऱ्या बाकी.' आणि एका श्रावणात, 'आज हिरवे लुगडे. पायऱ्या बाकी.'

डॉक्टर काडी फिरवत होते. मी म्हणालो, "डॉक्टर, विहिरीला लुगडं असतं का?"

त्यांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला नाही.

"ती माझी बायको आहे," ते म्हणाले.

सखूबाई खाटेवर उठून बसली.

मग अर्ध्या अर्ध्या वाक्यांत त्यांनी सांगितलं. लग्नानंतर साथींमागे साथी आल्या. ते घरी कधी नसत. एकदा तीन महिन्यांनी तिन्हीसांजेला घरी पोचले, थकून, डोळ्यांवर झापड. दारात एक बाई उभी दिसली. यांनी विचारलं, "पाणी कोणत्या विहिरीचं पिता?" ती गोदाबाई होती, म्हणजेच गोदामाय. सकाळी गाठोडं बांधून माहेरी गेली.

"मी आणायला जाणार होतो," डॉक्टर म्हणाले. "रजेचा अर्ज केला होता. मग मानमोडीच्या तापाची साथ आली, माणसं पटापट मरायला लागली. मग... मग इतके दिवस झाले होते की काय तोंड घेऊन जायचं? पण नारूचं काम निघालं, आणि तिच्या गावात विहीर होती. कामासाठी जायला काय हरकत?"

"आणि चारचौघांत बायकोशी बोलायचं नाही म्हणून मधे मी!"

"पद्धत आहे तशी," ते ओशाळून म्हणाले. "तुमच्या आधी तलाठी असायचे."

म्हणजे मी ज्याला वैर समजून पत्रक लिहिलं, तो संसार होता. पायऱ्या बुजल्या तर डॉक्टरांना हिवरखेडीला जायला निमित्त उरत नव्हतं. हे तिलाही ठाऊक होतं, यांनाही ठाऊक होतं, गावालाही ठाऊक होतं. नागपूरची जागाही त्यागाने सोडलेली नव्हती. नागपूरहून हिवरखेडी दर महिन्याला होत नाही, एवढंच. गोदाबाईने सगळ्या गावाला पाणी गाळायला लावलं होतं, त्यामुळे गावात नारू जवळपास नव्हता, आणि त्यामुळे दोघंही आपापल्या मनाला सांगत होती की घाई नाही.

मला दया यायला हवी होती. मला संताप आला.

"म्हणजे माझ्या पायातला हा नारू तुमच्या संसाराचा आहे!" मी ओरडलो. "आणि या बाईच्या दोन्ही पायांतला! गाव गाळून पितं, पण वाटसरू? मजूर? त्यांनी कुणाच्या बायकोला विचारून पाणी प्यायचं?"

डॉक्टर पुन्हा काडीवर वाकले. सखूबाईच म्हणाली, मला, "हळू बोल रे. मानूस रडून राह्यलं."

ते रडत नव्हते. त्यांनी चष्मा परत घातला. माझा वेढा पुरा केला. सखूबाईचे दोन्ही पुरे केले. तिला म्हणाले, "बाई, चूक माझी आहे." आणि किसनला सांगितलं, उद्या पहाटे गाडी जुंप, गवंड्यांना निरोप दे.

मी पायाला पट्टी बांधून छकड्यात चढलो. चल असं मला कुणी म्हटलं नव्हतं.  उजाडलं तसं कपाशीच्या रानावरचं धुकं विरलं, आणि डॉक्टरांनी ते पाहिलंही नाही.

हिवरखेडीला गवंडी आधीच आले होते. चुना कालवलेला, दगड रचलेले. बाया वरच्या काठावर गोळा झाल्या होत्या. गोदाबाई तळच्या पायरीवर उभी.

"सांगा त्यायले," ती वर बघून मला म्हणाली, "मी हालत नाई."

डॉक्टर माझ्याकडे वळले. तोंड उघडलं.

"माझा पाय दुखतो," मी म्हणालो. "आज मी कुणाचं काही सांगणार नाही." आणि काठावर बसलो.

काठावरच्या बायांनी पदर तोंडाशी नेले. कुणीतरी "अगं माय" म्हटलं. डॉक्टर इकडे तिकडे बघत राहिले, जणू कुठून तरी तलाठी येईल. मग वहाणा काढल्या आणि पायऱ्या उतरू लागले. एकेक, फार सावकाश. हिरव्या उजेडात ते आणखीच उंच आणि वाकलेले दिसत होते. पाण्याच्या वर दोन पायऱ्या राहिल्या तिथे थांबले.



"दवाखान्यात एक बाई आहे," डॉक्टर शेवटी म्हणाले. पाण्याकडे बघून, पण कुणालाही मधे न घालता. "दोन्ही पाय. इथलं पाणी प्यायली."

गोदाबाईचे हात कमरेवरून खाली आले.

"कोन?"

"कापूस वेचायला आलेली. पोरं बहिणीकडे आहेत."

ती पाण्यातल्या आपल्या पायांकडे बघत राहिली. मग तिनेही सरळ, सगळ्या गावादेखत, त्यांच्याकडे पाहिलं.

"बुजवा," ती म्हणाली. "पन मंग तुमी अठी कोन्या कामानं याल?"

मी त्यांना पटकीच्या गर्दीपुढे पाहिलं होतं, नागपूरच्या साहेबांपुढे पाहिलं होतं. इतके घाबरलेले कधी पाहिले नव्हते.

"काम नसलं तर येऊ नये का?" ते म्हणाले.

"बिनकामाचं येनं जमते काय तुमाले?"

डॉक्टरांनी खरोखर विचार केला. ते कधी खोटं बोलल्याचं मला आठवत नाही.

"शिकावं लागेल," ते म्हणाले.

ती पायऱ्या चढून आली. त्यांच्या शेजारून जाताना थांबली नाही, पण पदर सावरताना तो त्यांच्या हाताला लागला, आणि डॉक्टर तिथेच उभे राहिले, गवंडी वरून "सायेब, बाजूला व्हा, दगड येऊन राह्यला" असं ओरडेपर्यंत.

दुपारपर्यंत खालच्या पायऱ्या बुजल्या. आता कठड्याचं काम उद्या. मी छकड्यात बसलो, किसनने बैल जुंपले, आणि डॉक्टर येईनात. ते कडुनिंबाखाली दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते, लग्नघरी फार लवकर पोचलेल्या पाहुण्यासारखे. खोडाच्या पलीकडे त्यांच्याकडे पाठ करून गोदाबाई सुपात डाळ निवडत होती. 

आम्ही दोघंच निघालो. गाव संपायच्या वळणावर बैल आपले आपणच थांबले आणि मान वळवून मागे बघू लागले.

"चाला रे बाप्पाहो," किसन त्यांना म्हणाला. "डाक्तरसायबाले आज काई काम नाई."